आधी तिथी, मग हवा, मग कॅमेरा

कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नवी मुंबईतल्या कुठल्याही सोसायटीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप उघडून पाहा. मसाला दुधाचे पेले, गच्चीवर रंगलेल्या गाण्यांच्या भेंड्या, कठड्याला टेकून काढलेल्या सेल्फ्या आणि मध्येच काळ्या आकाशात एक पांढराफटक गोळा. तो चंद्र आहे हे खालच्या ओळीवरून कळतं, नाहीतर नाक्यावरचा हायमास्ट दिवाही तसाच दिसला असता. यातले काही फोटो साध्या फोनवरचे असतात, काही लाखभर रुपयांच्या कॅमेऱ्यातले. गोळा दोन्हींत सारखाच.

चंद्राचा फोटो नीट कसा काढायचा या प्रश्नाला बाजारात एकच उत्तर मिळतं: आणखी मोठा झूम घ्या. दुकानदार तेच सांगतो, यूट्यूबवरचे गुरुजीही तेच सांगतात. हे उत्तर चूक नाही, पण त्याचा क्रम उलटा आहे. आधी तिथी पाहावी, मग हवा, मग एक्स्पोजर, आणि लेन्सचा विचार सगळ्यात शेवटी करावा. हा क्रम लावला तर तळवलीसारख्या ठिकाणाहूनही चंद्र उत्तम टिपता येतो. घणसोली आणि रबाळे स्टेशनांच्या मधलं हे गाव. एका अंगाला ठाणे-बेलापूर रस्ता, त्यापलीकडे एमआयडीसी, चहूकडे दिवे. रात्री आकाशात मोजके ठळक तारे दिसले तरी नशीब. तारकागुच्छ, आकाशगंगा, धूमकेतू टिपायचे तर मुंबईकराला वांगणी किंवा त्याहून लांबची अंधारी जागा गाठावी लागते. खगोल मंडळाचे रात्रभराचे आकाशदर्शन कार्यक्रम वांगणीला होतात ते त्यामुळेच. चंद्राला अंधार लागत नाही. ग्रह सोडले तर शहरातल्या माणसाला आपल्या गच्चीवरून करता येण्यासारखं आकाशाचं छायाचित्रण एवढंच.

गोळा पांढरा का होतो ते आधी उरकून टाकू. आपल्याकडे रात्र असते तेव्हा चंद्राच्या आपल्याला दिसणाऱ्या उजळ भागावर भर दिवस असतो. दुपारी आपल्या रस्त्यांवर पडतं तेच ऊन तिथल्या दगडमातीवर पडलेलं असतं, आणि ती माती जुन्या डांबरी रस्त्याइतकीच काळपट आहे. आलेल्या प्रकाशापैकी जेमतेम १२ टक्के ती परत पाठवते. म्हणजे विषय उन्हातल्या काळपट दगडाचा आहे. कॅमेऱ्याला हे ठाऊक नसतं. फुलफ्रेम कॅमेऱ्याला ३०० मिलिमीटरची लेन्स लावली तर सेन्सरवर चंद्र पावणेतीन मिलिमीटरचा पडतो, चौकटीच्या एक टक्क्याहूनही कमी जागेत. बाकी सगळी चौकट काळी. ऑटो मोड त्या काळ्याची सरासरी काढतो, ‘फार अंधार आहे’ असं ठरवतो आणि शटर लांबवतो. चंद्रावरचे डाग, विवरं, सागर सगळे त्यात जळून जातात.

उपाय फिल्मच्या जमान्यापासून माहीत आहे. मॅन्युअल मोड, अ‍ॅपर्चर एफ/११ आणि शटर स्पीड आयएसओच्या आकड्याइतका: आयएसओ १०० असेल तर सेकंदाचा शंभरावा भाग, २०० असेल तर दोनशेवा. छायाचित्रकार याला ‘लूनी इलेव्हन’ म्हणतात. वर चढलेल्या पौर्णिमेच्या चंद्रासाठी तो हमखास चालतो. अष्टमीला मात्र हा हिशेब बदलतो. अष्टमीचा चंद्र अर्धा दिसतो म्हणून त्याचा उजेड पौर्णिमेच्या निम्मा असेल असं वाटतं, पण तो साधारण एक दशांशच असतो, कारण तिरप्या उन्हात तिथला प्रत्येक खड्डा आणि प्रत्येक धोंडा आपापली सावली टाकून बसलेला असतो. तेव्हा एक्स्पोजर चौपट करायचं. तृतीयेच्या कोरीला त्याच्याही चौपट. पुढचं स्क्रीनवर पाहून ठरवावं. डिजिटलचा हा मोठा फायदा की चुकीचे पैसे पडत नाहीत.

अमेरिकन छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सच्या वेळी पडत होते. १ नोव्हेंबर १९४१ च्या संध्याकाळी न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावर चंद्र उगवलेला त्याला दिसला, उजेड झपाट्याने चालला होता आणि लाइट मीटर काही सापडेना. चंद्राचं तेज दर चौरस फुटाला २५० कँडल हे त्याला पाठ होतं. त्यावरून त्याने एक्स्पोजर ठरवलं आणि विसाव्या शतकातलं एक गाजलेलं छायाचित्र हाती आलं. गंमत अशी की तारखेची नोंद त्याने ठेवलेली नव्हती. ती पुढे कित्येक वर्षांनी खगोल अभ्यासकांनी छायाचित्रातल्या चंद्राच्याच जागेवरून काढली. हा मुद्दा पुन्हा लागणार आहे.

आता तिथी. माझ्या मते सगळ्या विषयाचं मर्म इथे आहे, आणि नेमकं इथेच लोक चुकीच्या रात्री गच्चीवर जातात.

पौर्णिमेला सूर्य आपल्या पाठीमागे असतो. चंद्रावरच्या सावल्या डोंगरांच्या आड लपतात आणि सगळं बिंब सपाट दिसतं. टायको विवरातून फुटलेले पांढरे पट्टे आणि काळे सागर यांचा नकाशा छान उमटतो, खोली मात्र नाहीशी होते. खोली दिसते ती उजेड आणि अंधार यांच्या सीमारेषेवर, जिथे सूर्य नुकताच उगवतो आहे किंवा मावळतो आहे. ही रेषा रोज सरकते, म्हणून दर तिथीला चंद्राचा फोटो वेगळा असतो.

शुद्ध तृतीया-चतुर्थीला कोरीच्या कुशीत उरलेला चंद्र राखाडी झळकतो. पृथ्वीवरून परावर्तित झालेल्या उन्हाचा हा उजेड. त्याचं कारण लिओनार्दो दा विंचीने सांगून ठेवलं आहे. त्यासाठी एक-दोन सेकंदांचं एक्स्पोजर लागतं आणि मग कोर जळते, म्हणून दोन वेगळे फोटो घ्यावे लागतात. भाद्रपदातल्या शुद्ध चतुर्थीला मात्र आपल्याकडे चंद्र पाहायचा नसतो. कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर पाहिला तर तो पाहिला असं धरायचं का, यावर धर्मशास्त्र गप्प आहे. पण त्या दिवसांत पाऊसच बहुधा निर्णय देऊन टाकतो. पंचमीच्या सुमारास थिओफिलस, सिरिलस आणि कॅथरिना ही तीन विवरं एका ओळीत उठून दिसतात. अष्टमीला अपेनाइन पर्वतांची सुमारे ६०० किलोमीटरची रांग उजेडात येते, तिच्या दक्षिणेला टॉलेमियस, अल्फोन्सस आणि आर्झाकेल. त्याच संध्याकाळी, वेळ जुळली तर, सीमारेषेवर काही तास इंग्रजी एक्स अक्षरासारखी खूण चमकते. तीन विवरांच्या कडांवर एकदम ऊन आल्याने होणारा हा खेळ आहे. नवमी-दशमीला ९३ किलोमीटर व्यासाचा कोपर्निकस, दक्षिणेला अवाढव्य क्लेव्हियस आणि उत्तरेला काळ्या तळाचा प्लेटो. एकच रात्र निवडायची तर मी नवमी निवडेन. संध्याकाळीच चंद्र उंच असतो, जागरण लागत नाही, आणि लेन्स साधी असली तरी काहीतरी हाती लागतं.

चंद्रयान-३ चा विक्रम लँडर २३ ऑगस्ट २०२३ रोजी संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी उतरला, तीही श्रावण शुद्ध सप्तमीच्या आसपासची तिथी होती, कारण उतरण्याच्या जागी सूर्य उगवताच काम सुरू करायचं होतं. ती जागा चंद्राच्या दक्षिण कडेजवळ ६९ अंश अक्षांशावर, मँझिनस विवराच्या शेजारी आहे. लँडर दिसायचा प्रश्न नाही, पण मँझिनस छोट्या दुर्बिणीतून टिपता येतो, आणि ‘तो बघ, आपलं यान तिथे आहे’ असं घरच्यांना दाखवण्याइतका तो नेमका आहे.

मग संकष्टी. १९७३ पासून निघणाऱ्या ‘कालनिर्णय’मध्ये दर कृष्ण चतुर्थीला चंद्रोदयाची वेळ छापलेली असते. परदेशी छायाचित्रकार ज्या माहितीसाठी मोबाईल अ‍ॅपचे पैसे मोजतो ती आपल्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर टांगलेली आहे. त्या रात्री नऊच्या पुढेमागे घरातलं कुणी ना कुणी उपास सोडण्यासाठी गच्चीवर जाऊन पूर्वेकडे पाहतंच. आणि चंद्र नेमका पाहण्यासारखा असतो: पौर्णिमा उलटून तीन-चार दिवस झालेले, एका कडेवर अंधार चढलेला, क्रायसियम सागराच्या आसपास संध्याकाळ झालेली, लँग्रेनस आणि पेटेव्हियस ही विवरं अंधारात शिरलेली. कोजागरीला काढलेल्या शंभर फोटोंच्या बदल्यात संकष्टीचा एक चांगला. फक्त नैवेद्य दाखवून लगेच खाली उतरू नये. तीनेक तास थांबून चंद्र वर येऊ द्यावा.

खाडीकाठच्या आगरी-कोळी गावांना तिथीचं हे गणित नवं नाही. कोकण किनाऱ्यावर भरतीची वेळ काढायला तिथीची पाऊणपट करतात: चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता पूर्ण भरती. खाडीत आत ती थोडी उशिरा पोहोचते. भरती रोज पाऊण तासाने पुढे सरकते आणि चंद्रोदय सरासरी पन्नास मिनिटांनी, कारण दोन्हींमागे एकच चंद्र आहे. ज्याच्या घरात उधाण-भांग (मोठी आणि लहान भरती) बोलण्यात असतं त्याला कृष्ण अष्टमीचा क्षीण चंद्र मध्यरात्री उगवतो हे सांगावं लागत नाही. गोकुळाष्टमीच्या रात्री बारालाही तो तसाच उगवतो.

तिथी साधली की हवा. तळवलीच्या पूर्वेला पारसिकचा डोंगर आहे, पश्चिमेला ठाण्याची खाडी. पंचांगातला चंद्रोदय मोकळ्या क्षितिजाचा असतो. डोंगराची कड चार-पाच अंश वर असेल तर चंद्र प्रत्यक्ष डोकवायला वीसेक मिनिटं जास्त लागतात. आपल्या अक्षांशावर चंद्र बराच सरळ वर चढतो, एक अंशाला साडेचार मिनिटं या हिशेबाने. डोंगरावरून येणारा तांबूस चंद्र देखणा असतो यात शंका नाही, पण तपशिलासाठी तो निकामी. क्षितिजापासून १० अंशांवर आपण डोक्यावरच्या हवेच्या साडेपाचपट हवेतून पाहत असतो, आणि त्या हवेत औद्योगिक पट्ट्याची धूळ, रस्त्याचा धूर आणि खाडीचं बाष्प हे सगळं आलं. ३० अंशांवर हाच आकडा दोनपटीवर येतो. म्हणून तपशिलाचे फोटो चंद्र चाळीस अंशांच्या वर असतानाच काढावेत.

त्यातही एक फरक लोकांच्या ध्यानात येत नाही. हवा स्वच्छ असणं वेगळं आणि स्थिर असणं वेगळं. पाऊस पडून गेलेल्या रात्री आकाश धुतल्यासारखं असतं, तारे लुकलुकत असतात, कवी खूश होतात; चंद्राचा छायाचित्रकार मात्र हिरमुसतो, कारण लुकलुक म्हणजे वरची हवा खळबळते आहे. उलट थंडीतल्या थोड्या धुरकट, निवांत रात्री चंद्राची कड दगडात कोरल्यासारखी स्थिर दिसू शकते. धुरकट असल्याने उजेड थोडा कमी होतो, त्याची भरपाई शटरने होते. खळबळीची भरपाई कशानेच होत नाही. दिवसभर तापलेले स्लॅब आणि एमआयडीसीतले पत्रे रात्री उशिरापर्यंत ऊन ओकत असतात, त्यामुळे शेडच्या डोक्यावरून दिसणारा चंद्र पाण्यात पडल्यासारखा हलतो. जागा बदला, वेळ बदला. मध्यरात्रीनंतर फरक पडतो. एसीच्या बाहेरच्या युनिटच्या वरून फोटो काढू नका, हे सांगायला नको खरं, पण गच्च्यांवर ट्रायपॉड तिथेच लावलेला दिसतो.

ऋतूंनी मात्र आपल्यावर अन्याय केला आहे आणि मेहेरबानीही. चार महिने पावसाचे गेले. या शतकातलं सगळ्यात लांब खग्रास चंद्रग्रहण, १ तास ४३ मिनिटांचं, २७ जुलै २०१८ च्या रात्री झालं. भारतातून ते दिसणार होतं आणि कोकणात आषाढ होता. ७ सप्टेंबर २०२५ चं खग्रासही अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या रात्री, पावसाळ्यातच. मेहेरबानी थंडीतली. डिसेंबरच्या पौर्णिमेचा चंद्र १९ अंश अक्षांशावर मध्यरात्री जवळपास डोक्यावर येतो. लंडनमध्ये जूनच्या पौर्णिमेचा चंद्र वीस अंशांच्या खालीच घुटमळतो आणि तिथले लोक त्यातूनही उत्तम काम करतात. आपल्याकडे अडचण निराळी: डोक्यावरचा चंद्र टिपताना ट्रायपॉडचं डोकं तितकं वर वळत नाही आणि मान अवघडते. फिरता स्क्रीन असलेला कॅमेरा इथे महागड्या लेन्सपेक्षा उपयोगी.

अस्पष्टतेचं खापर अनेकदा चंद्राच्या धावण्यावर फोडलं जातं. हिशेब करू. चंद्र आकाशात सेकंदाला साधारण १५ विकलांनी (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) सरकतो. ६०० मिलिमीटरच्या लेन्समागे नेहमीच्या २४ मेगापिक्सेलच्या क्रॉप सेन्सरवर एका पिक्सेलला सुमारे १.३ विकला येतात. म्हणजे एक पिक्सेल सरकायला सेकंदाचा अकरावा भाग लागतो. दोनशेव्या भागाच्या शटरला ते जाणवतही नाही. दोष आपल्या बोटाचा आणि ट्रायपॉडचा. शटर बोटाने न दाबता दोन सेकंदांचा टायमर लावा, ट्रायपॉडवर असताना लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद करा, मधली दांडी वर काढू नका, आणि ऑटोफोकसवर विसंबू नका. लाइव्ह व्ह्यूमध्ये चंद्राची कड मोठी करून हाताने फोकस जमवा. टाकीचा पंप चालू असताना स्लॅब थरथरतो, तेवढा वेळ चहा घ्यावा.

आता लेन्स. सूत्र सोपं आहे: फोकल लेंग्थला ११० ने भागा, सेन्सरवर चंद्र तेवढ्या मिलिमीटरचा. किटमधली ५५ मिलिमीटरची लेन्स म्हणजे अर्धा मिलिमीटर, विषय संपला. २०० वर बिंब ओळखू येतं. ३०० ला क्रॉप सेन्सरवर चंद्र सातशे पिक्सेल रुंद होतो, एका पिक्सेलला पाच किलोमीटर. कोपर्निकस, टायको, अपेनाइन सगळे दिसतात. जुनी, हाताने फोकस करायची ३०० मिलिमीटर लेन्स सेकंडहँड घेतली तरी चालते, कारण इथे ऑटोफोकसचा उपयोगच नाही.

सुपरझूम कॅमेऱ्यांनी चंद्राचं छायाचित्रण घरोघरी नेलं हे मान्य करायला हवं. निकॉनचा पी९०० हा २०१५ मध्ये ८३ पट झूम घेऊन आला, २०१८ मध्ये पी१००० ने तो १२५ पटीवर नेला. जाहिरातीच्या भाषेत ३००० मिलिमीटर. खरी फोकल लेंग्थ ५३९ मिलिमीटर, आणि पुढच्या काचेचा कामाचा व्यास ६७ मिलिमीटर. भौतिकशास्त्र या व्यासालाच विचारतं. ६७ मिलिमीटरची काच पावणेदोन विकलांपेक्षा बारीक काही वेगळं करू शकत नाही, चंद्रावर ते सव्वातीन किलोमीटर होतात. त्यापुढचा डिजिटल झूम म्हणजे तेच चित्र ताणणं. तितक्याच पैशांत १३० मिलिमीटरची दुर्बीण आणि फोन धरायचा क्लॅम्प येतो, आणि तपशील दुपटीने वाढतो. पण ती पाच मजले उचलून न्यावी लागते, दरवेळी जुळवावी लागते. रोज वापरला जाणारा लहान कॅमेरा माळ्यावर धूळ खाणाऱ्या दुर्बिणीपेक्षा चांगला, यात मी झूमवाल्यांच्या बाजूचा आहे.

हवेवर मात करायचा एकच मार्ग गेल्या पंचवीस-तीस वर्षांत सापडला आहे, आणि तो डिजिटलशिवाय शक्य नव्हता. एक फोटो काढण्याऐवजी व्हिडिओ काढायचा. हजारो चौकटींपैकी काही चौकटी त्या क्षणात टिपलेल्या असतात जेव्हा हवा निमिषभर थबकलेली होती. सॉफ्टवेअर त्या निवडतं, एकावर एक जुळवून सरासरी काढतं. गोंगाट मरतो, तपशील उरतो. ऑटोस्टॅकर्ट, रेजिस्टॅक्स ही साधनं फुकट आहेत. जॉन विल्यम ड्रेपरने १८४० मध्ये न्यूयॉर्कमध्ये चंद्राचा फोटो काढला तेव्हा प्लेटवर वीस मिनिटं उजेड साठवावा लागला होता. आज तेवढ्या वेळात हजारो चौकटी साठतात.

या मार्गाने महाराष्ट्रातलं सगळ्यात गाजलेलं काम पुण्यातल्या प्रथमेश जाजू या सोळा वर्षांच्या मुलाने केलं. ३ मे २०२१ च्या पहाटे, टाळेबंदीच्या दिवसांत, त्याने चंद्राचे तुकड्या-तुकड्यांनी व्हिडिओ घेतले. पन्नास हजारांहून जास्त चौकटी, १८६ जीबी माहिती, आणि सगळं जोडायला चाळीसेक तास. चित्र जगभर फिरलं. बातम्यांनी पन्नास हजारांचा आकडा उचलला. मला त्यातली तिथी महत्त्वाची वाटते: चैत्रातल्या उन्हाळ्यात त्याने कृष्ण सप्तमी-अष्टमीचा, मध्यरात्रीनंतर उगवणारा चंद्र निवडला होता, पौर्णिमेचा नाही. कॅमेराही डीएसएलआर नव्हता, ग्रहांसाठी वापरतात तसला छोटा सेन्सर छोट्या दुर्बिणीला जोडलेला होता. त्या चित्रातले निळे-तांबूस रंगही खोटे नाहीत, फक्त वाढवलेले आहेत. टायटॅनियमचं प्रमाण जास्त असलेला ट्रँक्विलिटीचा सागर किंचित निळसर असतो, ते प्रमाण कमी असलेले भाग तांबूस. डोळ्याला न दिसणारा फरक सॅच्युरेशन वाढवलं की वर येतो. हा मुलगा एकटा आकाशातून पडलेला नाही. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी अभ्यासक घडवते आहे, आणि त्याच्याही आधी, १८८८ मध्ये, कॉलेज ऑफ सायन्समध्ये कावसजी नायगमवाला यांनी २० इंची दुर्बिणीची वेधशाळा उभी केली होती. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचे फोटो त्यांनी करमाळ्याजवळच्या जेऊरला जाऊन काढले. तेव्हा चंद्र फक्त मध्ये आला होता, पण फोटो काढायचा तर योग्य जागी योग्य वेळी पोहोचावं लागतं हे त्यांनाही चुकलं नाही.

दुसरीकडे फोनने भलताच मार्ग काढला आहे. मार्च २०२३ मध्ये एका वापरकर्त्याने चंद्राचा मुद्दाम पुसट केलेला फोटो संगणकाच्या पडद्यावर लावला, खोलीतला दिवा बंद केला आणि सॅमसंगच्या फोनने त्याचा फोटो काढला. फोनने त्या पुसट गोळ्यावर विवरं उमटवून दिली. कंपनीने मग स्पष्ट केलं की कॅमेरा चंद्र ओळखतो आणि कृत्रिम बुद्धिमत्तेने तपशील सुधारतो. ही सोय बंदही करता येते. चंद्र आपल्याला नेहमी जवळपास एकच बाजू दाखवतो, म्हणून यंत्राला त्याचा चेहरा पाठ करणं सोपं. याला फसवणूक म्हणायचं का यावर वाद आहे. मी म्हणत नाही. पण तो त्या रात्रीचा फोटो नाही एवढं नक्की. तपासायचं असेल तर चंद्राच्या अर्ध्या भागावर नारळाची झावळी येऊ द्या आणि फोन काय करतो ते पाहा.

याहून जुनी लबाडी जोडचित्रांची. गडाच्या बुरुजामागे बुरुजाच्या तिप्पट चंद्र, टॉवरमागे टॉवरएवढा चंद्र. इथे ११० चा आकडा पुन्हा कामाला येतो: एखादी वस्तू चंद्राएवढी दिसायची असेल तर तिच्या आकाराच्या ११० पट लांब उभं राहावं लागतं. ऐरोलीच्या काठावरून खाडीपलीकडे तीन किलोमीटरवरचा २०० मीटर उंच टॉवर चंद्राच्या सातपट उंच दिसणार. त्यामागे मावळणारा चंद्र एखाद्या फुग्याएवढाच. तो टॉवरएवढा हवा तर २२ किलोमीटर मागे यावं लागेल. तळवलीपासून लोअर परळ सरळ रेषेत साधारण तितकंच आहे, म्हणजे मोठ्या टेलीलेन्सने हा फोटो जमायला हवा. पण माझ्या हिशेबाने तो कधीच जमणार नाही. लोअर परळ इथून नैऋत्येला पडतं, आणि चंद्र पश्चिमेपासून दक्षिणेकडे फार तर तीसेक अंशांपर्यंतच मावळतो. त्या दिशेला तो क्षितिजावर येतच नाही. तसा फोटो कुणी दाखवला तर तो घरी बसून केलेला आहे.

दुसरी खूण कलण्याची. आपल्याकडे माघ-फाल्गुनात शुद्ध तृतीयेची कोर होडीसारखी आडवी असते, युरोपातून ती बरीच उभी दिसते. इंटरनेटवरून उचललेला युरोपातला चंद्र राजगडावर चिकटवला की अभ्यासू माणसाला तो कलावरून पकडता येतो. अ‍ॅडम्सच्या चित्रातल्या चंद्राने तारीख सांगितली, आपल्या व्हॉट्सअ‍ॅपवरचा चंद्र बनवणाऱ्याची चूक सांगतो.

खरं जुळलेलं चित्र हवं तर तळवलीकरांना विमानं आहेत. मुंबई विमानतळावर पूर्वेकडून उतरणारी विमानं याच आकाशातून जातात. ४० मीटर लांबीचं विमान साडेचार किलोमीटरवरून बरोबर चंद्राएवढं दिसतं आणि सेकंदाभरात बिंब ओलांडतं. शटर हजाराव्या भागाच्या पुढे, बर्स्ट मोड चालू, आणि चिकाटी. मासिक पगाराच्या कामात एवढी चिकाटी कुणी दाखवत नाही.

ग्रहणाचे नियम वेगळे आहेत, कारण तेव्हा चंद्रावरचं ऊन खरोखर जातं. खग्रास अवस्थेत उजेड हजारो पटींनी, कधी त्याहूनही जास्त उतरतो. सेकंदाच्या दोनशेव्या भागावरून शटर थेट एक ते चार सेकंदांवर जातं. आयएसओ ८०० ते १६०० लागतो आणि इथे मात्र चंद्राचं सरकणं जाणवायला लागतं, म्हणून लेन्स २०० ते ३०० च्या पुढे नेऊ नये, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडावं. वातावरणातून वाकून आलेला तांबडा उजेड किती गडद हे पृथ्वीवरच्या धुळीवर आणि ज्वालामुखींच्या राखेवर ठरतं, त्यामुळे आधीचे आकडे उपयोगी पडत नाहीत. दर पाच मिनिटांनी तीन वेगवेगळी एक्स्पोजर घेत राहावं.

३१ डिसेंबर २०२८ चं खग्रास चंद्रग्रहण आपल्याकडून पूर्ण दिसेल, तेही थंडीत, चंद्र पन्नास अंशांहून वर असताना. साडेआठच्या पुढे चंद्राला सावली लागेल, रात्री दहाच्या आसपास तो तांबडा होऊन तासाभरापेक्षा जास्त तसा राहील, आणि ग्रहण सुटेल ते जवळपास बरोबर बारा वाजता. नेमक्या त्याच मिनिटाला घणसोलीपासून वाशीपर्यंत नववर्षाचे फटाके सुरू होतील. खग्रासचे फोटो म्हणून अकराच्या आत उरकावेत, आणि वाऱ्याची दिशा पाहून गच्चीची खाडीकडची बाजू आधीच धरावी.